काका फार बोलायचे नाहीत, मग चाळीस पानं भरायची कशी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तुमचे धाकटे काका हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट होते. १९८० च्या दशकात मिग-२१ वर सरावाच्या उड्डाणात गेले. लग्न झालेलं नव्हतं. गावच्या शाळेत आता त्यांच्या नावाचा फलक लागणार, सोबत चाळीस पानांची स्मरणिका, आणि ती लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. हाताशी एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात लॉगबुक, वीसेक पत्रं आणि चार फोटो. ज्याला विचारावं तो म्हणतो, "फार बोलायचा नाही, पण माणूस चांगला." समितीतल्या एका गृहस्थांनी तर 'शत्रूशी झुंजताना वीरमरण' असा मजकूर टाइप करूनच आणला. आणि दिल्लीच्या युद्ध स्मारकावर काकांचं नाव सापडलं नाही म्हणून तुमची आत्या अजून खंतावलेली आहे.

मी वैमानिक नव्हतो. हवाई दलात २३ वर्षं एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो, त्यातली बरीचशी लढाऊ विमानांच्या फ्लाइट लाइनवर, म्हणजे विमानं उड्डाणासाठी उभी असतात तिथे गेली. निवृत्तीनंतर ओळखीतून ओळख निघत गेली आणि आजवर अकरा घरांना अशा स्मरणिका करायला हात लावलाय. पहिली मी पार बिघडवली होती, तिचंही सांगतो.

तुम्हाला वाटतंय की मजकूर कमी आहे. मला तुमच्या पत्रातून वेगळंच दिसतं. मजकूर आहे, पण समितीने दिलेल्या साच्यात तो बसत नाही. आपल्याकडे देवळाबाहेर वीरगळ उभे असतात ते आठवा. तळाला पडलेला वीर, त्यावर लढाई, मग त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्याला चंद्रसूर्य. पाथरवटाने साचा इमानाने उतरवलाय. पण बहुतेक वीरगळांवर नाव नाही, आणि आज तो दगड कुणाचा हे गावात कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या गावातले आधीचे फलक पायदळातल्या जवानांचे असणार. सीमा, खंदक, गोळीबार. त्या चौकटीत वैमानिक आधीच अवघडून बसतो. त्यात तो सरावात गेलेला आणि अबोल असेल, तर लिहिणारा घाबरतो आणि विशेषणं ओतायला लागतो.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. काकांच्या पिढीतलं कोण हयात आहे, अपघाताबद्दल घरात उघड बोललं जातं की नाही, पत्रं छापायला आत्याची ना आहे का. हे आधी विचारून घ्या. एखादं पत्र छापायचं नाही असं आत्या म्हणाल्या, तर ते नाही छापायचं, मग ते कितीही सुंदर असो.

आता 'शहीद' आणि तो टाइप केलेला मजकूर. झुंजीचा मजकूर सरळ बाजूला ठेवा. ती झुंज झालीच नाही. उद्या शाळेतल्या एखाद्या पोराने तारीख घेऊन शोधलं तर फलक खोटा ठरेल, आणि फलकाबरोबर माणूसही. शब्दाचं म्हणाल, तर 'शहीद' ही सैन्यदलांत अधिकृत संज्ञा नाही, हे केंद्र सरकारने संसदेत एकाहून जास्त वेळा सांगितलंय. कागदोपत्री नोंद होते ती 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईत किंवा मोहिमेत गेलेला) किंवा 'फिजिकल कॅज्युअल्टी' (अपघातासारख्या इतर कारणाने गेलेला) अशी. गावाने प्रेमाने शहीद म्हणावं, त्याला मी कोण हरकत घेणार? पण दगडावर कोरताना मी 'कर्तव्यावर असताना' एवढंच सुचवतो. राष्ट्रीय युद्ध स्मारकाचं आत्यांना नीट समजावून सांगा. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते खुलं झालं तेव्हा त्याग चक्राच्या भिंतींवर २५,९४२ नावं होती. ती युद्धांत आणि लष्करी मोहिमांत कामी आलेल्यांची. काकांचं नाव कुणी विसरलं किंवा गाळलं असं झालेलं नाही. ती यादीच वेगळी आहे.

सरावात गेले म्हणजे काहीतरी कमी पडलं, ही जी चोरटी भावना घरात असते ना, तिच्यावर मात्र दोन पानं खर्च करा. त्यासाठी थोडा इतिहास लागतो. मिग-२१ आपल्याकडे १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. साडेआठशेच्या वर विमानं, आणि त्यांतली कितीतरी आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झालेली. उतरताना चाकं टेकतात तेव्हाही वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. चुकीला जागा फार कमी. आणि या विमानावर येणारी पोरं यायची कुठून? किरणसारख्या संथ ट्रेनरवरून. मधली नीट पायरीच नव्हती. ही पायरी हवी, प्रगत जेट ट्रेनर घ्या, असं एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने १९८२ मध्ये सांगितलं. ते विमान, म्हणजे हॉक, हवाई दलात दाखल झालं फेब्रुवारी २००८ मध्ये. मधल्या सव्वीस वर्षांत विशी-पंचविशीतले वैमानिक ती उडी दररोज मारत होते. तुमचे काका त्यांतले एक.

हे लिहा, पण यावरून त्यांच्या अपघाताचं कारण ठरवू नका. चौकशीचा अहवाल सहसा घरच्यांच्या हाती येत नाही. त्या वेळी कमांडिंग ऑफिसरचं पत्र आलं असेल तर त्यात जे वाक्य आहे ते जसंच्या तसं द्या. 'मानवी चूक' असा शब्द कुठल्या जुन्या बातमीत असेल तर तो लपवू नका आणि त्यावर वादही घालू नका. वाचणाऱ्याला आधीची ती दोन पानं वाचून काय ते समजतं.

आता ट्रंकेकडे या. लॉगबुक हे अबोल माणसाचं सर्वांत बोलकं पुस्तक असतं, फक्त ते वाचायला शिकावं लागतं. तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा नंबर, कुणाबरोबर, कसलं उड्डाण, किती वेळ. रात्रीचे तास बहुधा लाल शाईत. महिनाअखेरीला बेरीज आणि फ्लाइट कमांडरची सही. घरचे लोक ते उघडतात, आकडे बघतात आणि मिटतात. तुम्ही तसं करू नका. एका बाजूला लॉगबुक ठेवा, दुसऱ्या बाजूला पत्रं, आणि तारखा जुळवत जा.

एका घरी मी हे केलं तेव्हाची गोष्ट. कोकणातलं घर, पडवीत बसलो होतो, ट्रंकेला डांबरगोळ्यांचा वास. मुलाने आईला लिहिलेलं एक आंतरदेशीय पत्र होतं. त्यात पावसाची चौकशी, म्हशीची चौकशी, आणि शेवटी एक ओळ, "इकडचं काम नेहमीचंच." पत्राची तारीख मी लॉगबुकात शोधली. त्या दिवशी त्या मुलाने नव्या प्रकारच्या लढाऊ विमानावर पहिलं एकट्याचं उड्डाण केलं होतं. पंचवीस मिनिटं. वैमानिकाच्या आयुष्यात असे दिवस किती येतात? दोन, फार तर तीन. आणि आईला कळवलं काय, तर नेहमीचंच. त्या म्हाताऱ्या बाईंना मी दोन्ही कागद शेजारीशेजारी दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "मेला तस्साच होता." स्मरणिकेचं पहिलं पान तिथे ठरलं. डावीकडे पत्र, उजवीकडे लॉगबुकाचं पान, खाली दोन ओळींची माहिती. एकही विशेषण नाही.

लॉगबुकातून स्क्वाड्रन आणि तारखा कळतात, त्यावरून माणसं शोधा. बॅचमेट अधिकारी मिळतातच, तेच आधी सापडतात. पण माझा आग्रह असा की एअरमन शोधा. विमानाखाली उभे राहणारे आम्ही लोक. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, एअर फोर्स असोसिएशनची शाखा, दिल्लीचं डायरेक्टोरेट ऑफ एअर व्हेटरन्स, तिन्हीकडे स्क्वाड्रनचा नंबर आणि वर्षं लिहून पत्र टाका. चार महिने लागतील, कधी उत्तर येणारही नाही. पण आलं तर सोनं असतं, कारण अबोल अधिकारी मेसमध्ये कोपऱ्यात बसलेला कुणाला आठवत नाही, फ्लाइट लाइनवर मात्र आठवतो.

का आठवतो ते सांगतो. आमच्याकडे असेच एक सर होते. इतर वैमानिक विमानापाशी वेळेवर यायचे, हे दहा मिनिटं आधी. फॉर्म ७००, म्हणजे विमानाच्या देखभालीची नोंदवही, वाचायचे, नुसती सही नाही, वाचायचे. मग विमानाभोवती फेरी, हात पंखाच्या कडेवरून सरकत. बसल्यावर इजेक्शन सीटच्या, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीच्या, सेफ्टी पिना काढून मोजून दाखवायच्या असतात. घाईत बरेच जण हात नुसता हलवतात. हे सर माझ्याकडे बघत थांबायचे. मी मान हलवली की मगच पुढे. एका सकाळी फेरी मारताना पोटाखालच्या एका पॅनलपाशी थांबले. मला बोटाने बोलावलं. माझा हात धरून बोट एका फास्टनरवर ठेवलं. सैल होता. त्या पॅनलची सही माझी होती. तोंडाला कोरड पडली. ते काही बोलले नाहीत. मी स्क्रू ड्रायव्हर आणला, आवळला, त्यांनी स्वतः अंगठा दाबून बघितला, शिडी चढले आणि उडाले. परत आल्यावर ती गोष्ट कुठेही निघाली नाही. फ्लाइट कमांडरकडे नाही, चहाला नाही, कधीच नाही. पुढची सगळी नोकरी मी प्रत्येक फास्टनरवर अंगठा दाबून बघितला.

ते सर काही वर्षांनी दुसऱ्या स्टेशनवर असताना उड्डाणातच गेले. त्यांच्यावर पुढे एक लेख आला. त्यात 'आकाशाला गवसणी' होती, 'निधडी छाती' होती. त्या लेखातल्या माणसाला मी ओळखत नव्हतो. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

आणि आता माझीच फजिती. पहिल्या स्मरणिकेत मीही तेच केलं. माहिती दहा पानांची होती, मी तीस केली. 'लहानपणापासूनच विमानांचं वेड', 'मित्रांच्या गळ्यातला ताईत', असलं सगळं. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी त्या मुलाच्या घरी वाचून दाखवलं. त्याचे वडील कोचावर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "चांगलं लिहिलंय. कुणावर आहे?" टोमणा नव्हता हो. खरंच विचारलं त्यांनी. छपाई झालेली होती, काही करता आलं नाही. तेव्हापासून मी पानांची संख्या आधी ठरवत नाही. तुमची सोळा पानं झाली तर सोळाच करा. चाळीसचा हट्ट प्रेसवाल्याचा असेल, तुमचा नको.

आता जिथे तुमच्याकडे काहीच नाही, त्या जागांचं. तिथे कल्पना भरू नका, कारण मौनात काय दडलंय हे आपल्याला माहीत नसतं. याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या यांचं. कोडगूचा माणूस, जन्म १९३२ चा, नावाजलेला उड्डाण प्रशिक्षक. ७ सप्टेंबर १९६५ ला आदमपूरहून एक नंबर स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं पाकिस्तानातल्या सरगोधा तळावर निघाली. बारा विमानं जाणार होती आणि देवय्या राखीव होते. कुणाचं विमान बिघडलं तरच जायचं. जागा रिकामी झाली आणि ते निघाले. परत आले नाहीत. आपल्याकडे नोंद झाली 'बेपत्ता' अशी. कुणी पाहिलं नव्हतं, रेडिओवर काही ऐकू आलं नव्हतं. घरी पत्नी आणि दोन लहान मुली.

चौदा वर्षं असंच. मग १९७९ मध्ये एका ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानच्या बाजूने त्या युद्धाचं पुस्तक लिहिलं, त्यात उल्लेख आला की त्या दिवशी त्यांचं एक एफ-१०४ स्टारफायटर एका भारतीय मिस्टेअरने पाडलं. स्टारफायटर म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान, मिस्टेअर त्याच्यापुढे बैलगाडी. स्टारफायटरचा वैमानिक अमजद हुसेन उडी टाकून वाचला होता. त्याने मिस्टेअरवर गोळ्या झाडल्या, ते संपलं असं समजून तो पुढे वळला, आणि त्या जखमी विमानाने त्याला गाठलं. मग आपल्याकडे शोधाशोध झाली. त्या वेळचे देवय्यांचे कमांडिंग ऑफिसर तनेजा यांनी हा विषय लावून धरला. बाकी सगळी विमानं परतली होती किंवा त्यांचा हिशेब लागत होता. राहत होते ते एकटे देवय्या. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. तेवीस वर्षांनी, आणि साक्ष कुणाची, तर ज्याच्याशी लढले त्याची.

तुमच्या काकांच्या बाबतीत असं काही निघेल असं मी म्हणत नाही. निघणारही नाही कदाचित. पण १९७० साली कुणी देवय्यांची स्मरणिका लिहायला बसला असता आणि 'बेपत्ता' या शब्दाची लाज वाटून त्याने एखादी वीरकथा रचली असती, तर पुढे खरी गोष्ट आल्यावर तिला बसायला जागा उरली नसती. म्हणून जे माहीत नाही तिथे साधं लिहा, "या वर्षाची पत्रं मिळाली नाहीत." बस.

उलट छोटी गोष्ट खात्रीची असेल तर ती सोडू नका. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांना परमवीर चक्र मिळालं. हवाई दलातलं आजवरचं ते एकमेव. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना त्यांनी नॅट विमान वर काढलं आणि एकट्याने अनेक पाकिस्तानी सेबर विमानांशी झुंज घेतली. हे सगळ्यांना पाठ आहे. पण स्क्वाड्रनमध्ये ते 'ब्रदर' होते, कारण भेटेल त्याला ते 'ब्रदर' म्हणायचे. मला विचाराल तर त्या एका शब्दाने माणूस डोळ्यासमोर उभा राहतो. तुमच्या काकांचा असा एखादा शब्द, एखादी खोड, आत्यांना नक्की माहीत असणार. "कसे होते?" असं विचारलंत तर "चांगला होता" एवढंच मिळेल. "सुट्टीवर आले की पहिल्या सकाळी काय करायचे?" असं विचारा. ताटात काय उरायचं, सायकल कुठे लावायचे, गाडी सुटताना फलाटावर काय व्हायचं, असं.

एकंदरीत फलकावर नाव, हुद्दा, शाळेत होते ती वर्षं, गेल्याची तारीख, 'भारतीय हवाई दलात कर्तव्यावर उड्डाण करताना', आणि लॉगबुकातली एकूण तासांची बेरीज. तो आकडा घ्याच. पोरं फलकासमोर उभी राहून तेच विचारतात, मी पाहिलंय. समितीतल्या त्या गृहस्थांना दुखवू नका. त्यांचा हेतू वाईट नाही. त्यांना एअरमन शोधायची पत्रं लिहायला बसवा, अशा कामाला त्यांच्यासारखी चिकाटीची माणसंच लागतात.

आणि या आठवड्यात एवढं करा. लॉगबुक ट्रंकेतून काढून सावलीत उघडा, उन्हात नाही. पत्रं लॅमिनेट करायला कुणी सुचवलं तर हात जोडा, त्याने कागद कायमचा जातो. फोन उभा धरून प्रत्येक पानाचा फोटो घ्या. शेवटच्या नोंदीपाशी थांबू नका, बरेच जण तिथेच थांबतात आणि पुस्तक मिटतात. मागच्या पानांवर वर्षाअखेरीचे शेरे असतात, 'अ‍ॅव्हरेज', 'अबव्ह अ‍ॅव्हरेज' असे, प्रत्येकाखाली कमांडिंग ऑफिसरची सही. काकांचे शेरे काय आहेत ते मला कळवा, मग पहिल्या पानाचं बघू.